मंत्रीमहोदय, बोटीचा तळ कुणी पाहिला?

प्रति,
जलपर्यटनाचा कारभार पाहणारे माननीय मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपल्यामागे कामाचा किती व्याप असतो याची जाणीव ठेवून हे पत्र लिहितो आहे. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या बाजूला माझं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. डाईंगवाल्यांच्या टाक्या, छपराचे पत्रे, गणेश मंडळांचे साचे आणि अधूनमधून दुरुस्तीला आलेली मच्छीमाराची होडी, असं माझं काम. मॅट, रेझिन आणि ब्रश यांच्यावर इतकी वर्षं घर चाललं.

गेल्या आठवड्यात भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. उजनी धरणाच्या पाण्यावर एक स्पीडबोट, तिला नवा निळा रंग, मागे पूर्वीपेक्षा मोठं इंजिन आणि पुढच्या बाकावर चार-पाच पोरं हात वर करून ओरडताहेत. ती बोट मी लगेच ओळखली. तिच्या टोकाजवळचा वाकलेला कठडा रंग देतानाही कुणी सरळ केलेला नाही. त्याच पुढच्या बाकावर मागच्या मे महिन्यात माझा मणका मोडला.

लातूरहून मेहुण्याची मंडळी सुट्टीला आली होती. लेकरांना पाणी बघायचं होतं म्हणून गेलो. बोटवाल्यानं जॅकेटं दिली, आम्ही ती घातली, पट्टे आवळले. दुपार कलली होती, वळिवाचं वारं सुटलं होतं. बोट वेगात होती आणि दुसऱ्या एका बोटीच्या लाटा आडव्या आल्या. चालवणाऱ्यानं रेस कमी केली नाही. पुढचं टोक हवेत गेलं आणि बोट सपाट खाली आपटली. कमरेत काडकन झालं आणि पायातली ताकदच गेली. भीमानगरहून सोलापूरपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन आलो. टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळ. हायवेवरच्या प्रत्येक पुलाचा जोड मला आता पाठ आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. एल-वन, म्हणजे कमरेचा पहिला मणका, पुढच्या बाजूनं चेपला होता.

आपण म्हणाल, वाईट झालं, पण तुम्ही वाचलात. वाचलो. महिनोन्महिने पट्टा बांधून पडून वाचलो. बायकोच्या आधाराशिवाय संडासला जाता येत नव्हतं. माझ्या धंद्यात टाकीच्या आत उतरून, ओणवं होऊन लॅमिनेशन, म्हणजे फायबरचे थर चढवायचं काम, करावं लागतं, ते आता बंद. एक कारागीर दुसरीकडे गेला, दुसऱ्याला मीच जा म्हणालो, कारण पगार कुठून देणार? बायकोनं किती वर्षांपूर्वी सोडलेलं विड्यांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. रात्री कूस बदलताना माझ्या तोंडून आवाज निघतो आणि पलीकडच्या खोलीतली पोरगी अभ्यास थांबवून दारात येऊन उभी राहते. हे कुठल्या नुकसानभरपाईच्या अर्जात, कोणत्या रकान्यात लिहू?

आता त्या बोटीबद्दल सांगतो, कारण तिच्याबद्दल मला कुणीच विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा जुना कारागीर काठावर जाऊन आला. बोट वाळूवर ओढून ठेवली होती. त्यानं खिशातलं दहाचं नाणं काढलं आणि तळावर वीत-वीत अंतरानं ठोकत गेला. फायबर घट्ट असेल तर टणटण वाजतं, थर आतून सुटले असतील तर भद्द आवाज येतो. पुढच्या एक-तृतीयांश भागात, जिथं बोट पाण्यावर आपटते नेमकं तिथंच, ती भद्द वाजत होती. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, चांदणीच्या आकाराच्या चिरा होत्या. त्यानं आतली फळी उचलली. तळाला लांबीच्या दिशेनं जे उभे कणे आधार देतात, ज्यांना बोटवाले स्ट्रिंगर म्हणतात, त्यांच्यात प्लायवूड भरलेलं होतं. पाणी मुरून ते काळं पडलं होतं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. एका ठिकाणी स्ट्रिंगर तळापासून सुटून बोटभर फट पडली होती. हा सगळा व्हिडिओ माझ्याकडे आहे. आता त्या चिरांवर निळा रंग आहे.

साहेब, वेगात जाणारी बोट पाण्यावर तरंगत नाही, ती पाण्यावर घसरत जाते आणि लाट आली की उडून आदळते. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर दुप्पट होऊन थांबत नाही, तो साधारण चौपट होतो. पुढचा प्रश्न तळाच्या आकाराचा. उघडा तळहात पाण्यावर मारून बघा आणि मग हाताची कड मारून बघा, फरक लगेच कळेल. तळाच्या दोन्ही बाजू मधल्या कण्यापासून वर किती कोनात उचलल्या आहेत यावर सगळं ठरतं. हा कोन 20 अंशांचा असेल तर जो दाब येतो, त्याच्या जवळजवळ चौपट दाब 10 अंशांच्या तळावर क्षणभर येतो. हे गणित काल-परवाचं नाही. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे तळ फुटू नयेत म्हणून फॉन कारमान या शास्त्रज्ञानं ते 1929 साली मांडलं आणि वाग्नर या दुसऱ्या शास्त्रज्ञानं 1932 साली पुढे नेलं.

मग सपाट तळाच्या बोटी का करतात? त्या स्वस्त पडतात, उभ्या असताना डुलत नाहीत, चढायला-उतरायला सोप्या असतात आणि छोट्या इंजिनावरही पळतात. शांत पाण्यात, हळू चालवायला त्या उत्तम आहेत. मच्छीमाराची होडी तशीच असते आणि तशीच असावी. पण त्याच आकाराच्या तळाला मोठं इंजिन लावायचं, पुढे बाक ठोकायचा आणि तिला स्पीडबोट म्हणायचं, हा माणसं मारायचा धंदा आहे.

जाड फायबर मारलं की झालं, असं बोटवाले सांगतात. जाडी दुप्पट केली तर पत्र्याचा ताठपणा आठपट होतो, हे खरं. पण आधाराच्या दोन कण्यांमधलं अंतर अर्ध्यावर आणलं तर त्याच पत्र्यावरचा ताण पाव होतो, आणि वजनही फारसं वाढत नाही. म्हणजे खरी ताकद आतल्या सांगाड्यात असते, फळीखाली, जिथं तपासणारा कधी वाकून बघत नाही. आणि सांगाडा नुसता असून भागत नाही, तो तळाला नीट चिकटलेला असावा लागतो. वाळलेल्या फायबरवर घासकाम न करता दुसरा थर मारला की तो पुढे सुटतो. माझ्याकडची टाकी अशी सुटली तर पाणी गळतं, गिऱ्हाईक शिव्या देतं, मी पैसे परत करतो. बोट सुटली की काय होतं ते माझ्या एक्स-रेवर दिसतं.

जगात हे धडे लोकांनी जीव देऊन शिकलेत. 1960 साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत रेमंड हंट यांनी आखलेली खोल, म्हणजे बाजू जास्त कोनात उचललेल्या तळाची बोट खवळलेल्या समुद्रात इतरांना मागे टाकून पहिली आली, तेव्हापासून सागरी शर्यतींच्या बोटींचा तळच बदलला. त्याच सुमारास सनी लेवी नावाचा माणूस वेगवान बोटींचे तळ आखत होता. त्याचा जन्म कराचीचा आणि त्याचं सुरुवातीचं काम आपल्या मुंबईतलं. 1967 साली इंग्लंडची काउज ते टॉर्की शर्यत जिंकणारी सरफ्युरी नावाची बोट त्याचीच. म्हणजे ही विद्या परदेशातून आणावी लागते असंही नाही, ती इथं होती. 1987 मध्ये फॉर्म्युला वनचा माजी ड्रायव्हर दिदिए पिरोनी इंग्लंडजवळ बोटींच्या शर्यतीत दगावला. एका तेलवाहू जहाजानं मागे सोडलेल्या लाटांवर त्याची बोट उलटली. दुसऱ्या बोटीच्या लाटांवर, साहेब! माझ्याही बाबतीत तेच झालं, फक्त मी शर्यतीत नव्हतो, तिकीट काढून बसलो होतो. 1990 मध्ये मोनॅकोजवळ शर्यतीचा चालक स्तेफानो कासिरागी असाच दगावला आणि त्यानंतर शर्यतीच्या बोटींत चालकाला पट्ट्यानं बांधून मजबूत कवचात बसवण्याचे नियम कडक झाले. 2008 मध्ये ब्रिस्टलच्या खाडीत सहलीच्या वेगवान रबरी बोटीत एका बाईचा कमरेचा मणका असाच चेपला, तर ब्रिटिश सरकारच्या तपास संस्थेनं अख्खा अहवाल काढला. एका मणक्यासाठी अहवाल! इथं माझ्या मणक्यासाठी एक पोचपावती मिळाली नाही.

आणि उजनी म्हणजे काय समुद्र आहे का, असं एका कार्यालयातल्या साहेबांनी मला हसून विचारलं होतं. जाऊन बघा म्हणावं. 117 टीएमसीचं धरण आहे, त्याचं पाणी मैलोन्‌मैल मागे पसरलंय. मे महिन्यात वारं सुटलं की तिथं आखूड, खड्या लाटा उठतात आणि छोट्या बोटीला त्या एकापाठोपाठ एक बसतात. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी बोट वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात दोन लहान लेकरं होती. एकच माणूस पोहून काठाला लागला. आमच्या करमाळा तालुक्याच्या काठावर लोक किती वेळ पाण्याकडे बघत बसले होते, ते आठवा. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत चाचणीवरच्या नौदलाच्या स्पीडबोटीनं एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला धडक दिली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी एकच शब्द ऐकू येतो: जॅकेट. जॅकेट हवंच, त्याबद्दल वाद नाही. माझ्याही अंगात होतं. जॅकेटानं माणूस तरंगतो, त्याचा मणका आणि त्याच्या बोटीचा तळ वाचत नाही.

माझ्या अपघातानंतर काठावरच्या एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की पंधरा दिवसांत प्रत्येक बोट बाहेर काढून तपासू. आम्ही टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवस गेले, पावसाळा गेला, दिवाळी गेली, जानेवारीतली गड्ड्याची यात्राही झाली. तपासणी झाली म्हणतात, ती पाण्यातच झाली. जॅकेटं मोजली, फोटो काढले, वरच्या बाजूला नंबर रंगवला. पाण्यात असलेल्या बोटीचा तळ कुठल्या डोळ्यांनी तपासला, हे मला समजून घ्यायचं आहे.

कायदा नाही असंही नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. यंत्रावर चालणारी बोट तपासणी आणि नोंदणीशिवाय चालवता येत नाही, असं तो सांगतो. पण आपल्याकडे कायदा आला की काम झालं असं समजायची रीत पडली आहे. शेकडो कोटींचे पर्यटन आराखडे पेपरात वाचतो. आमच्या जिल्ह्याचाच पावणेतीनशे कोटींच्या आसपासचा आहे म्हणे. जेट्टी होणार, हाऊसबोट येणार, रोहित पक्षी बघायला लोक येणार. येऊ देत, आम्हाला आनंदच आहे. पण त्या पावणेतीनशे कोटींत बोट काठावर चढवायचा एक रॅम्प आणि तळ ठोकून बघणारा एक जाणता माणूस बसत नाही का? ज्या धरणासाठी लोकांनी घरंदारं आणि काळी जमीन पाण्याखाली घातली, त्याच धरणाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, आमच्या सोलापुरात, वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलं. पाणी आमचं, तहान आमची, आता मणकेही आमचेच. उद्घाटनाच्या दिवशी तुमची बोट काठाकाठानं हळू जाते, पुढेमागे पोलीस असतात. आमची पोरं तुमच्यानंतर त्याच बाकावर बसतात आणि तेव्हा रेस कमी करायला सांगणारं कुणी नसतं. निवडणुकीत मतं मागायला वस्तीत येता तेव्हा मात्र आमच्या दारापर्यंत रस्ता बरोबर सापडतो.

मागायचं ते फार थोडं आहे. उन्हाळी सुट्टी लागायच्या आत उजनीवरची प्रत्येक स्पीडबोट पाण्याबाहेर काढा, फळी उचला, स्ट्रिंगर बघा, तळ ठोका. बोट बांधणाऱ्यानं जेवढ्या हॉर्सपॉवरसाठी ती बांधली, त्यापेक्षा मोठं इंजिन दिसलं तर बोट जप्त करा, दंडाची पावती फाडून सोडून देऊ नका. पुढच्या भागात धक्के सगळ्यात जास्त बसतात, तिथले बाक काढून टाका, निदान लेकरांना तिथं बसवू नका. वारं सुटलं की फेऱ्या बंद, हा निर्णय गल्ला मोजणाऱ्याच्या हातात ठेवू नका. आणि तपासणीचा कागद काठावर बोर्डाला लावा. त्यावर तारीख हवी आणि तळ बघणाऱ्या माणसाची सही हवी, म्हणजे उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं ते आम्हाला कळेल.

त्या निळ्या बोटीचा नंबर आणि नाणं ठोकतानाचा व्हिडिओ मी या पत्राच्या मूळ प्रतीसोबत जोडून पाठवत आहे. ती बोट आधी पाण्याबाहेर काढा, उत्तर नंतर दिलंत तरी चालेल. तपासायला माणूस मिळत नसेल तर मला कळवा. वाकणं मला जमणार नाही, पण माझा कारागीर वाकेल आणि मी शेजारी खुर्चीवर बसून ऐकेन. आम्ही पैसे घेणार नाही.

आपला,
सोलापूरचा एक फायबर कारागीर