माझ्या अंगात काय बसवलं होतं, ते लेखी कळवा

दिनांक : १० मार्च २०२५
खानापूर, जि. बेळगाव

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
आपल्या कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय

विषय : २०१३ साली बसवलेल्या ब्रेस्ट इम्प्लांटची माहिती न देणे आणि त्याभोवती झालेल्या लिम्फोमाची (एका प्रकारच्या कॅन्सरची) तक्रार परस्पर बंद करणे.

महोदय,

मी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. २०१३ मध्ये डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन झालं आणि त्याच वेळी तुमच्या कंपनीचं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच हो म्हणाले होते. रोज पन्नास पोरांसमोर उभं राहायचं, त्यांच्यापुढे अवघडून वावरायचं नव्हतं. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. अकरा वर्षं काही त्रास झाला नाही.

गेल्या गणपतीत नवीन ब्लाऊज घालून बघत होते, तर हूकच लागेना. माप जुनंच होतं. शिवणाऱ्या मावशींनी डावी शिलाई उसवून दिली आणि टेप लावून बघत म्हणाल्या, "बाई, एकाच बाजूला एवढं का ओढलंय ओ?" उजव्या बाजूचं माप तेच, डावीकडे दीड इंच वाढलेलं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून दोन आठवडे मी अंगावर काढले.

बेळगावात दाखवलं. सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी साचलेलं दिसलं. सुईने ते पाणी काढलं, इन्फेक्शन असेल म्हणून गोळ्या दिल्या आणि काढलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. असा आजार असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगण्याचं काम पहिल्यांदा तुमचं होतं. दसऱ्यापर्यंत सूज परत आली, आधीपेक्षा जास्त.

तेव्हा, १४ ऑक्टोबरला, मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. अकरा वर्षांपूर्वीचं इम्प्लांट, एका बाजूला अचानक सूज, पाणी काढलं तरी परत भरलं, हे सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली की थोडी सूज नॉर्मल असते, तुमच्या डॉक्टरांना भेटा. सिरियल नंबर मागितला. माझ्याकडे हॉस्पिटलने दिलेला एक स्टिकर होता, रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला. त्यावरचे शेवटचे तीन आकडे पुसट झाले आहेत. जेवढे वाचता आले तेवढे सांगितले. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. त्या मेसेजचा मला जेवढा राग आला, तेवढा आजाराचाही आला नाही.

संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरला गेलो. तिथल्या सर्जननी तपासायच्या आधीच पहिला प्रश्न केला, "इम्प्लांट गुळगुळीत होतं की खडबडीत?" अंगात अकरा वर्षं वागवलेल्या वस्तूबद्दल मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी सोनोग्राफी बघत बघत पन्नास मिलिलिटरहून जास्त पाणी काढलं आणि पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिलं : इम्प्लांटजवळचं पाणी, सीडी-३० तपासा. सीडी-३० म्हणजे या आजाराच्या पेशींवर सापडणारी एक खूण. चिठ्ठीवर ही ओळ लिहिली नाही तर साध्या तपासणीत आजार निसटू शकतो, असं त्यांनी समजावलं. रिपोर्ट आला. सीडी-३० पॉझिटिव्ह, एएलके (पेशींवरची दुसरी एक खूण) निगेटिव्ह. बीआयए-एएलसीएल, म्हणजे ब्रेस्ट इम्प्लांटशी संबंधित अॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा.

तुम्हाला हे नाव नवीन नाही. मला मात्र ते पाठ करायला आठवडा लागला. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, लिम्फोमा आहे. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या टी-पेशींचा कॅन्सर. इम्प्लांटभोवती शरीर जो पापुद्रा तयार करतं, त्यात आणि तिथल्या पाण्यात तो होतो. आजार दुर्मीळ आहे आणि बहुधा इम्प्लांटनंतर आठ-दहा वर्षांनी दिसतो. ज्यांच्या इम्प्लांटचा इतिहास माहीत आहे अशा जवळजवळ सगळ्या रुग्णांच्या अंगात कधी ना कधी खडबडीत पृष्ठभागाचं इम्प्लांट होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, असा संबंध असू शकतो हे जानेवारी २०११ मध्ये जाहीर केलं. माझं ऑपरेशन २०१३ चं. म्हणजे मला ते बसवलं तेव्हा ही गोष्ट तुमच्या टेबलावर होती. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला वेगळं स्थान दिलं. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची, खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. ती कंपनी तुमची नव्हे, हे मला माहीत आहे. पण ते घडल्यावर तरी तुम्ही आपले जुने ग्राहक शोधून एक पत्र टाकायला हवं होतं.

उपचाराबाबत मी नशीबवान ठरले. पेट-सीटी स्कॅनमध्ये आजार बाहेर पसरलेला दिसला नाही. डिसेंबरमध्ये इम्प्लांट आणि भोवतीचा सगळा पापुद्रा, न फोडता, एकत्र काढला. नुसतं इम्प्लांट काढून चालत नाही, पापुद्रा पूर्ण निघावा लागतो. काढलेल्या भागाच्या कडेला आजार सापडला नाही, त्यामुळे केमो लागली नाही. पसरला असता तर केमो, ब्रेंटुक्सिमॅबसारखं महागडं औषध, सगळंच आलं असतं. डॉक्टरांनी मोबाईलवर मला काढलेल्या इम्प्लांटचा फोटो दाखवला. पृष्ठभाग सुताराच्या पॉलिश पेपरसारखा. सर्जननी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं, तुमच्याकडून नाही.

जानेवारीत तुमच्या प्रतिनिधीचा फोन आला. काढलेलं इम्प्लांट कुरिअरने पाठवून द्या म्हणाले. पोच द्याल का, तपासणीचा रिपोर्ट मला मिळेल का, विचारलं तर "ते नंतर बघू". मी पाठवलेलं नाही आणि लेखी पोच मिळाल्याशिवाय पाठवणारही नाही. ते पॅथॉलॉजीत जपून ठेवलं आहे. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे माझी नोंद मी स्वतः केली आहे. तुम्ही केली असेल तर तिची प्रत पाठवा.

मला भरपाईच्या रकमेवर घासाघीस करायची नाही. तपासण्या आणि ऑपरेशनची बिलं सोबत जोडली आहेत, ती द्यावीत. पण त्याआधी तीन गोष्टी हव्यात. माझ्या इम्प्लांटचा प्रकार, पृष्ठभाग आणि बॅच नंबर लेखी द्या. स्टिकरवरचे तीन आकडे पुसले असले तरी तारीख आणि हॉस्पिटल मी दिलं आहे, तुमच्या विक्रीच्या वह्यांत ते सापडायला हवं. दुसरं, फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला शिकवा की इम्प्लांट बसवून वर्ष उलटल्यावर एका बाजूला सूज, गाठ किंवा आकारात फरक आला तर "नॉर्मल" म्हणायचं नाही. सोनोग्राफी करा, पाणी काढून सीडी-३० तपासा, असं सांगायचं. पाणी फेकू नका, हेही. २०२२ मध्ये एफडीएने त्याच पापुद्र्यात सापडणाऱ्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरबद्दल आणि इतर लिम्फोमांबद्दलही सावध केलं आहे, म्हणून ही शिकवण एकाच आजारापुरती ठेवू नका.

तिसरी मागणी माझ्यासाठी नाही. माझी बातमी कानोकानी पसरल्यावर शेजारच्या शाळेतल्या एका बाईंची बहीण निपाणीहून रडत आली. तिच्याही अंगात इम्प्लांट आहे, त्रास काहीच नाही, पण उद्याच्या उद्या काढायचं म्हणत होती. त्रास नसेल तर नुसत्या भीतीने काढू नये, असा एफडीएचाच सल्ला आहे. तो तिला मी, एका प्राथमिक शिक्षिकेने, समजावून सांगितला. ही सगळी माहिती एका पानावर तुम्ही मराठीत आणि कन्नडमध्ये छापा आणि आमच्या भागातल्या सर्जन, पॅथॉलॉजी लॅब आणि जुन्या ग्राहकांपर्यंत पोचवा. तुमचं इंग्रजी पत्रक आमच्या घरी फक्त मुलगा वाचू शकतो, आणि अशा गोष्टी आई मुलाला वाचायला देत नाही.

उत्तर मराठीत, रजिस्टर पोस्टाने, तीस दिवसांच्या आत पाठवावे. न आल्यास मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. फोनवर बोलणार नाही. जे असेल ते कागदावर हवं.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : स्टिकरची झेरॉक्स, पॅथॉलॉजीचे दोन्ही रिपोर्ट, बिलांच्या प्रती, १७ ऑक्टोबरच्या मेसेजचा प्रिंट.