हंडा का कापला?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतलं मुंबईच्या गोदीतल्या स्फोटावरचं पान पाहिलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. आजचा रस्ता, टॅक्स्या, कंटेनर आणि त्यांच्या डोक्यावर १४ एप्रिल १९४४ चा धुराचा लोट. चित्र नजरेत भरतं, हे मान्य. पण खाली ओळ काय, तर 'छायाचित्र : संग्रहित'. यातलं संग्रहित कुठलं? धूर कुठून टिपला, रस्ता कुठला, ढिगाऱ्यातली माणसं तरी त्याच दिवसाची का? काही पत्ता नाही.

सेंट पीटर्सबर्गचे छायाचित्रकार सेर्गेई लारेन्कोव दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच शहराला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, पडलेल्या वेढ्यातला जुना फोटो घेऊन नेमक्या त्याच जागी उभे राहतात, त्याच कोनातून नवा काढतात आणि मगच दोन्ही जुळवतात. खिडकीला खिडकी लागते. जुनं काळं-पांढरं, नवं रंगीत, सांधा डोळ्यांना दिसतो. तुम्ही सगळं एकाच पिवळट रंगात कालवून टाकलंत.

मला हे एवढं का लागलं ते सांगते. माझे आजोबा गोदीजवळच्या मांडवीत राहायचे. स्फोटानंतर चार-पाच दिवसांनी कुणीतरी काढलेला त्यांचा फोटो आमच्याकडे आहे. पडकी भिंत, पुढे धोतर-बंडीतले आजोबा आणि दोन्ही हातांत पोचे आलेला तांब्याचा हंडा. घरातली तेवढीच वस्तू सापडली होती. फोटोमागे आजीने पेन्सिलीने लिहिलंय, 'हंडा मिळाला'.

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी तो फोटो मी विश्वासाने दिला. स्फोटाच्या वेळी वडील आठ वर्षांचे होते, म्हणून उद्घाटनाला त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन गेले. बघते तर आजोबांना कापून भलत्याच इमारतीपुढे उभं केलेलं, हात कोपरापासून गायब. हंडा नाहीच! विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, तो मध्ये येत होता." वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णाच आहेत, पण ही आपली भिंत नव्हे." घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

युद्धाचे दिवस, सेन्सॉर कडक, स्फोटाची बातमीसुद्धा लगेच छापू दिली नव्हती. त्यातून वाचलेले फोटो मोजकेच आहेत, त्यांना तरी हात लावताना विचार करा.

आणखी एक. लेखात स्फोट एकच आहे. गोदीतल्या 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याच्या जहाजावर दोन झाले, पहिला चार वाजून गेल्यावर, दुसरा साधारण अर्ध्या तासाने. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. त्यांच्यासाठी देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात आणि तुमच्या अख्ख्या पानावर त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. धुराला मात्र अर्धं पान दिलंत.

मूळ फोटोची प्रत सोबत जोडली आहे. छापणार असाल तर हंड्यासकट छापा आणि खाली 'मांडवी, एप्रिल १९४४' एवढंच लिहा.

— एक वाचक, डोंबिवली