सापडलं, पण जुनंच

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोन उचलला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "काही सापडलं का?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलते. मातीतल्या जिवाणूंकडून नवं प्रतिजैविक मिळवायचं हे माझं काम, ते नीट सांगायचं तर पत्रच लिहायला हवं.

सापडलं होतं. गेल्याच महिन्यात. प्लेटभर साय धरावी तसे चाचणीचे जंतू वाढलेले आणि मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूच्या ठिपक्याभोवती मात्र नाण्याएवढी स्वच्छ चकती. म्हणजे हा ठिपका काहीतरी सोडतोय आणि बाकीचे त्याने मरताहेत. तीन रात्री मला धड झोप नव्हती. मग ते रसायन वेगळं केलं, रेणूचं वस्तुमान मोजलं, माहीत असलेल्या प्रतिजैविकांशी ताडून पाहिलं. स्ट्रेप्टोमायसिन! आल्बर्ट शाट्झना वाक्समनांच्या प्रयोगशाळेत 1943 साली सापडलेलं. आजोबांना क्षयासाठी ज्याची इंजेक्शनं दिली होती, ज्याने ते वाचले आणि पुढे ऐकू कमी यायला लागलं, तेच. इतकं खणून मी आजोबांचंच औषध शोधून काढलं.

आमच्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. प्लेटवर सहज वाढणारे जिवाणू लोकांनी कधीच विंचरून काढलेत. पण ते शंभरात जेमतेम एक; बाकीचे प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नसतात. त्यांच्यासाठी काही जणांनी एक युक्ती केली. बारीक भोकांची पट्टी, भोकात एकेक जिवाणू, दोन्ही बाजूंनी पातळ पडदा, आणि पट्टी परत मातीतच पुरायची. पडद्यातून अन्न आत येतं, जिवाणू बाहेर जात नाही. जिवाणूला वाटतं आपण घरीच आहोत! अशाच एका एरवी न वाढणाऱ्या जिवाणूकडून टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक मिळालं, 2015 मध्ये ते जाहीर झालं. औषध म्हणून ते अजून आलेलं नाही, त्यामुळे बाबा, माझ्याकडूनही घाई नको.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. आमचा इन्क्युबेटर उघडला की पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास मातीचा नव्हेच, तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिनही त्यांचंच.

आता ती पट्टी मीही वापरणार आहे, म्हणून एक काम सांगते. मागच्या झाडाखालची थोडी माती मला हवी आहे. वरचा पाचोळा सारून चार बोटं खालची, दोन चमचे पुरे. चमचा आधी उकळत्या पाण्यातून काढ. माती वाळवू नकोस. वाळली की नाजूक जिवाणू आधी मरतात आणि चिवट स्ट्रेप्टोमायसिसच उरतात, ते माझ्याकडे पोत्याने आहेत. पिशवीचं तोंड अगदी घट्ट बांधू नकोस. आणि बाबांना वाकू देऊ नकोस, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झालेला नाही. त्यांनी पिशवी धरायची, आणि तारीख लिहायची.

तुमची,
लेक