आळेफाट्याच्या वायरमनकाकांना

काका, स. न. वि. वि.

ओळख सांगते. गेल्या आठवड्यात टोमॅटोची रिकामी क्रेट घेऊन आलेली पांढरी पिकअप, ती चालवणारी मी. दुकानात गर्दी होती म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. खरं सांगायचं तर बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं, आणि डिझेलच्या काट्यापायी रडणारी बाई आळेफाट्याने अजून पाहिली नसावी. म्हणून लिहून पाठवते, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहिते. आधीच्या गॅरेजवाल्यांना मी नारायणगावच्या मार्केटात चारचौघांत शिव्या घातल्या आहेत. मग आभार तेवढे कानात कशाला?

टाकी काठोकाठ भरली तरी काटा आपला लाल पट्टीवर लोळलेला. एवढ्याशा काट्याने काय बिघडतं असं ज्याला वाटतं, त्याने रात्री माल भरून माळशेज उतरून दाखवावा. डिझेल किती उरलं ते किलोमीटरवरून धरायचं, नाहीतर टाकीत काडी घालून बघायचं. एकदा पुढे रस्ता बंद म्हणून लांबून वळसा पडला, आणि मुरबाडच्या अलीकडे इंजिन आचके देऊन गप्प झालं. डिझेलची गाडी अशी बंद पडली की नुसता कॅन ओतून भागत नाही, ती एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकते. हातपंप मारून एअर काढेपर्यंत उजाडलं. वाशीत पोचलो तेव्हा भाव केव्हाच उतरला होता.

मग गॅरेजं पालथी घातली. एकाने टाकी उतरवून नवा फ्लोट टाकला, म्हणजे टाकीत तरंगून डिझेल किती ते काट्याला कळवणारा भाग. काटा होता तिथेच. दुसरा म्हणाला मीटर गेलाय, आणि भंगारातला मीटर आणून बसवला. काटा तरीही लाल पट्टीवर, वर आमच्या गाडीत आता दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचे किलोमीटर. तिसऱ्याने वायरिंग बघायच्या आधीच गाडी विकायचा सल्ला दिला, गिऱ्हाईकही त्याच्याकडे तयार होतं!

या प्रत्येकाला मी सांगत होते, की इंडिकेटर लावला की काटा त्याच्या तालावर हलतो. दिवा पेटला की खाली, विझला की जरासा वर. गाडी मी चालवते, काटा रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर असतो. पण उत्तर मिळायचं ते सोबत आलेल्या आमच्या भाऊजींना. "वहिनींना भास होत असेल." एक तर म्हणाला, "गाणी लावून बघा, गाण्यावरही नाचेल." भाऊजींना साधी मोटारसायकल येते, चारचाकी येत नाही. पण ते विचारतो कोण?

तुमच्याकडे आले तेव्हा ते सांगायची उमेदही राहिली नव्हती, सवयीने बोलून गेले. तुम्ही कुणाच्या तरी हॉर्नची वायर सोलत होतात. हातातलं पक्कड खाली ठेवलंत, उठून फळीवरचा रेडिओ बंद केलात, फडक्याला हात पुसलेत आणि म्हणालात, "परत सांगा ताई. डावा लावल्यावर हलतो की उजवा?"

काका, तो रेडिओ बंद केलात ना, त्याचे हे आभार. काट्याचे नंतर.

डाव्याला जास्त, मी म्हटलं. तुम्ही बॉनेट उघडलंच नाही, सरळ गाडीखाली गेलात. टाकीवरची वायर काढून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवलीत आणि खालूनच ओरडलात, "काटा बघा!" काटा सरसर फुल्लवर. "मग मीटरही बरा आणि वायरही बरी." पुढचं सगळं इथे लिहीत बसत नाही, पण दुखणं कुठे निघालं ते त्या तिघांच्या कानावर जाऊ दे. टाकीची अर्थिंग, म्हणजे करंट चासीत परत नेणारी वायर, आणि मागच्या डाव्या लाईटची अर्थिंग चासीवर एकाच बोल्टला होती. आठ वर्षांवरची मालाची गाडी म्हणजे दरवर्षी पासिंग. पासिंगसाठी चासी काळी रंगवताना कुणीतरी तो बोल्ट सोडला आणि ओल्या रंगावरच परत आवळला, म्हणजे वायर लोखंडाला नीट टेकलीच नाही. त्यात क्रेटमधून गळणारं पाणी. लाईट पेटली की तिचाही करंट त्याच अर्धवट अर्थिंगमधून जाणार, मग काटा पडणार नाही तर काय? तुम्ही मला खाली बसवून तो रंगाचा पापुद्रा नखाने काढून दाखवलात. पॉलिश पेपर मारल्यावर लोखंड पांढरं झालं. "बरोबर बघत होतात ताई," एवढंच म्हणालात. भाऊजी तिकडे चहा पीत होते, तेही बरंच झालं.

मजुरी घेतलीत, ती घ्यायलाच हवी होती. सीटमागे पडलेला जुना फ्लोटही तुमचा तपासायचा मीटर लावून बघितलात आणि म्हणालात, "हा चांगला आहे, फेकू नका." म्हणजे नव्या फ्लोटचे पैसे फुकटच गेले. ते मी कुणाकडे मागायचे ते मला कळलेलं आहे.

बँकेत जा, खताच्या दुकानात जा, दवाखान्यात जा, आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरच्याचं उत्तर तयार असतं. शिकलेली माणसं असतात, वाईट नसतात, घाईत असतात. तुमच्या दारात तेव्हा माझ्यामागे दोन ट्रॅक्टर आणि एक टेम्पो उभा होता. घाई तुम्हाला नव्हती असं थोडंच आहे?

पुढच्या पासिंगला रंगवाल्याच्या शेजारी मी स्वतः उभी राहणार आहे, त्या बोल्टला ब्रश लागू देणार नाही. आणि आमच्या शेजारच्या गाळेवाल्याच्या टेम्पोचा काटाही हल्ली ब्रेक दाबला की पडतो म्हणतात. त्याला मंगळवारी पाठवते. तो बोलायला लागला की थांबत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
पिकअपवाली ताई