शास्त्र म्हणजे नेमकं कोणतं शास्त्र?

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सणांच्या प्रथांमागची 'शास्त्रीय कारणं' वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आपल्या मराठीत शास्त्र या एका शब्दाला किती कामं लावलीयत बघा. पाडव्याला आई कडुलिंबाचं पान हातावर ठेवते, म्हणते शास्त्रापुरतं एक तरी खा, तिथे शास्त्र म्हणजे रीत. शास्त्रीय संगीतात शास्त्र म्हणजे बांधीव नियम आणि शिस्त. आणि रसायनशास्त्र म्हणतो तेव्हा प्रयोग करून तपासलेलं, चुकीचं निघालं तर टाकून दिलेलं ज्ञान. विज्ञानाचंही तसंच, ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात विज्ञान म्हणजे प्रपंचाचं ज्ञान, शाळेत तोच शब्द सायन्स, आणि दहावीनंतर सायन्स म्हणजे नुसती एक ॲडमिशन.

यात वाईट काहीच नाही, शब्द जुना झाला की अर्थ वाढतातच. त्रास होतो तो एका अर्थाची पत दुसऱ्याच्या नावावर वापरली की. आमच्या नव्या फ्लॅटवर एक वास्तुवाले आले, त्यांनी ओट्यावर होकायंत्र ठेवलं, सुई थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाले ओटा आग्नेयेलाच हवा, हा फोडावा लागेल. आठवीतल्या मुलीने विचारलं, काका हे कोणी तपासून बघितलंय का? तर म्हणाले, बाळा हे शास्त्र आहे, तुमच्या भौतिकशास्त्रासारखंच, यात तपासायचं नसतं. मला ओट्यापेक्षा या वाक्याचं जास्त वाईट वाटलं, भौतिकशास्त्र तर तपासण्यावरच उभं आहे ना!

2001 साली युजीसीने ज्योतिष विषय विद्यापीठात आणायचं ठरवलं तेव्हा नाव दिलं ज्योतिर्विज्ञान. पुढे जयंत नारळीकर सरांनी पुण्यात खरंच चाचणी घेतली, 100 हुशार आणि 100 गतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या बघून कोणती कुणाची ते सांगितलं, बरोबर आल्या सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण निम्म्या बरोबर आल्या असत्या. नावात विज्ञान घालणं वेगळं आणि हे असं बसून मोजणं वेगळं, मुलांना हा फरक आपणच दाखवायला हवा.

म्हणून कळकळीची विनंती, यापुढे 'शास्त्रीय कारण' छापाल तेव्हा ते कोणी आणि कसं तपासलं एवढी एक ओळ खाली द्या, आणि तपासलेलं नसेल तर सरळ रीत आहे म्हणा. आईच्या हातचं कडुलिंबाचं पान आम्ही पुढच्या पाडव्यालाही रीत म्हणूनच खाणार आहोत.

– आपला नियमित वाचक, कोल्हापूर