कंदील आणि अलार्म

मनू,

काल फोनवर माझा आवाज चढला, सॉरी. पण तू हसत हसत सांगितलंस की पंपाच्या खोलीत गॅस्केट गेलं, सीओटूचा अलार्म वाजला, सगळे बाहेर पळाले आणि तू पाच मिनिटांनी मोबाईल राहिला म्हणून परत आत गेलीस. मोबाईलसाठी! नोकरी सोडून सांगलीला ये म्हणालो ते मात्र चुकलंच, कोचीची ही नोकरी तू कशी मिळवलीस ते मी बघितलंय.

दिवाळीत तू समजावलेलं मी अडतीत दहा जणांना ऐकवून झालंय. 31 डिग्री आणि 74 बार प्रेशरच्या वर नेला की हा सीओटू धड गॅस राहत नाही धड पातळ, हळदीच्या पावडरीत हवेसारखा शिरतो आणि तेल ओढून घेतो, मग प्रेशर उतरवलं की तेल खाली, गॅस मोकळा, हेक्झेनसारख्या रसायनाचा मागमूस नाही. पिवळेपणा बराचसा चोथ्यातच राहतो म्हटल्यावर शेठ म्हणाले, मग आमच्या राजापुरी हळदीचं काय? म्हटलं थांबा, पोरीला विचारून सांगतो. तेव्हा छाती कशी फुगली होती माझी.

पण तुमच्या मशीनमध्ये 300 बार गं. आपल्या स्कूटरच्या टायरात दोन असतो. आणि बाहेर सुटला की हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचणार, ना वास ना रंग. तुमचा गॅसचा मीटर जमिनीजवळ आहे ना? का भिंतीवर उंच लावलाय?

हरिपूरची पेवं, हळद साठवायची ती जमिनीखालची कोठारं, 2005 च्या पुरात गेली, तू लहान होतीस. हळदीचं पेव उघडलं की दोरीनं आधी कंदील सोडायचा, विझला तर कुणी उतरायचं नाही. तुझ्या नानाकाकाला काय हे माहीत नव्हतं? हमाल खाली पडलेला दिसला आणि हा उतरला. कंदील मी वर ओढून घेतला तेव्हा काच अजून कोमट होती. तुझ्या काकूला मी आजपर्यंत हे सांगितलेलं नाही.

म्हणून सांगतो, कुणी पडलं तरी सिलेंडर-मास्क लावल्याशिवाय आत जायचं नाही, जीव कितीही तुटला तरी. तू नानावर गेलीयेस. बघ, परत लेक्चर सुरू झालं, तुझं शिक्षण त्यातलं आणि मी बारावी नापास. राग मानू नको.

आईला अलार्मचं बोललो नाही, मीटिंग होती म्हणून तू फोन ठेवलास असं सांगितलंय, तेव्हा तूही तेच सांग. आणि मीटर खाली आहे का वर, तेवढं उद्या कळव.

अप्पा