पाचूनगरीचे हिरवे चष्मे गेले कुठे?

महोदय,

मे महिना लागला की इंदूरच्या मराठी बालनाट्य शिबिरांत ‘विझार्ड ऑफ ऑझ’ची गोष्ट हटकून निघते. वादळात उडून ऑझ या जादुई देशात पडलेली डोरोथी बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि सिंह यांच्यासह जादूगाराला भेटायला पाचूनगरीत जाते, ती ही गोष्ट. गोष्टीबद्दल तक्रार नाही. पण बसवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे १९३९ चा हॉलिवूडपट असतो. १९०० साली निघालेले एल. फ्रँक बॉम यांचे मूळ पुस्तक क्वचितच कोणी उघडते. वास्तविक तुटपुंजा खर्च आणि चाळीसेक पोरे अशा आपल्या संसाराला पुस्तकच सोयीचे आहे.

चष्म्यांचेच घ्या. पुस्तकातली पाचूनगरी इतर कुठल्याही शहराइतकीच हिरवी. वेशीवरचा रखवालदार आल्या-गेल्याला, टोटो कुत्र्यालासुद्धा, हिरव्या काचांचा चष्मा चढवून मागे कुलूप घालतो, म्हणून सगळे हिरवे दिसते. डोरोथीला तिथे हिरवा रेशमी झगा मिळतो, आणि नगरीबाहेर पडून चष्मा उतरताच तो पांढराशुभ्र निघतो. पडद्यावर हा सगळा प्रकार गाळला गेला. रंगमंचावर मात्र तो जवळजवळ फुकटात होतो. झगा पांढराच शिवायचा. नगरीतल्या प्रवेशांत सगळ्या दिव्यांना हिरवे जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायचे. एलईडी पार, म्हणजे रंग बदलता येणारे दिवे, असतील तर लाल आणि निळा शून्यावर, फक्त हिरवा चालू. विंगेतून एक जरी पांढरा दिवा झिरपला तरी झगा फिकट दिसून गंमत जाते. लाल रिबिनी, लिपस्टिक या उजेडात काळ्या दिसतात, त्या टाळाव्यात. चष्म्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटी रिकाम्याच ठेवाव्यात. त्यांत हिरवा कागद घातला की आधीच मंद असलेल्या उजेडात मुलांना पायऱ्या दिसत नाहीत आणि कोणीतरी पडतेच. चष्मा उतरण्याच्या क्षणी दिवे बदलणाऱ्याने संवादाकडे कान न देता रखवालदाराच्या किल्लीवर नजर ठेवावी. मुले वाक्ये गाळतात, किल्ली फिरवायला विसरत नाहीत.

जादूगार पुस्तकात चार रूपे घेतो: डोरोथीला प्रचंड मुंडके, बुजगावण्याला सुंदर स्त्री, पत्र्याच्या लाकूडतोड्याला अक्राळविक्राळ श्वापद आणि सिंहाला आगीचा गोळा. म्हणजे चार मुलांना कामे. पुढे तो या करामती स्वतःच उलगडून सांगतो. मुंडके कागदाच्या थरांचे, छताला टांगलेले. तेच करावे: मोठ्या फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर मैद्याच्या खळीने, दिवसाला दोनच. घाईने सगळे एकदम चढवले तर आतला कागद ओला राहतो, फुगा बसला की नाकाडासकट चेहरा आत जातो. उन्हात ठेवू नये, फुगा फुटतो, पंख्याखाली वाळवावे. खळीत मोरचूद टाकायची जुनी सवय मुलांच्या कामात बिलकूल नको, ते विष आहे. आगीचा गोळा बॉमच्या जादूगाराने तेल ओतून पेटवलेल्या कापसाचा केला होता. नाट्यगृहात अर्थातच तसले काही नको. आडव्या ठेवलेल्या टेबल फॅनवर लाल-पिवळ्या तलम कापडाच्या पट्ट्या आणि खालून नारिंगी दिवा एवढ्यावर भागते.

अफूच्या शेतात झोपलेल्या सिंहाला चित्रपटात बर्फ जागे करते. पुस्तकात हजारो उंदीर दोऱ्या बांधून त्याला गाड्यावरून ओढून नेतात. ज्या पालकांना ‘आमच्या बाळाला काम कुठंय?’ विचारायचे असते, त्यांची सोय बॉमने सव्वाशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. लाकूडतोड्याच्या चेहऱ्याला चंदेरी पावडर फासू नका. त्याच चित्रपटात या भूमिकेसाठी आधी घेतलेला नट बडी एब्सन ॲल्युमिनियमची भुकटी श्वासावाटे गेल्याने इस्पितळात पोहोचला. त्याच्या जागी जॅक हेली आला आणि त्याला भुकटीऐवजी लेप लावला गेला. आपल्याकडे चेहऱ्याला पाण्यात विरघळणारा राखाडी रंग पुरे. चकाकी पुठ्ठ्याच्या चिलखताला आणि डोक्यावरच्या नरसाळ्याला द्यावी. डोरोथीचे बूटही पुस्तकात रुपेरीच आहेत. लाल झाले ते टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात उठून दिसावेत म्हणून. जुन्या कॅनव्हास बुटांना चंदेरी रंगाचे दोन हात दिले की झाले. टिकल्या चिकटवलेले लाल बूट तालमीतच गळायला लागतात.

शेवटही चित्रपटातला नको. तिथे सगळे स्वप्न ठरते. पुस्तकात डोरोथी परतते तेव्हा वादळात उडालेल्या घराच्या जागी काकांनी नवे घर बांधलेले असते आणि तिच्या पायांत बूट नसतात, ते वाटेत वाळवंटावर गळून पडलेले असतात. मागच्या पडद्यावर घराचे दुसरे चित्र लावले आणि मुलगी अनवाणी आली की न बोलता सगळे कळते.

बॉम १९१९ मध्ये वारले, त्यामुळे मूळ पुस्तकावरून मराठी संहिता लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. चित्रपटातली गाणी तशी मोकळी नाहीत. त्यांचे गीतकार १९८१ मध्ये आणि संगीतकार १९८६ मध्ये गेले, आणि आपल्या कायद्यात निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. तेव्हा ध्वनिफीत लावण्याऐवजी शिबिरातल्या पेटी-तबलावाल्यांकडून चार नवी गाणी बांधून घ्यावीत.

– बालनाट्यांचे नेपथ्य, प्रकाश आणि वेशभूषा सांभाळणारे काही रंगकर्मी, इंदूर